१०० एमबीपीएसची लाइन आणि ९६०० बॉडचं मशीन: आजचा वेग जुन्या इंटरफेसच्या मापात कसा बसवायचा?

#१ · मच्छे_डीएनसी

नमस्कार मंडळी. शॉपमध्ये १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, ऑफिसच्या पीसीत एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडी आहे, पेनड्राइव्ह सगळे यूएसबी ३ चे. पलीकडे मशीन मात्र वेगवेगळ्या काळातली. एका मिलिंगला फक्त आरएस-२३२ (जुना सीरियल पोर्ट), एकाला १.४४ ची फ्लॉपी, एका फानुक कंट्रोलला (मशीन चालवणाऱ्या संगणकाला) पीसीएमसीआयए स्लॉट (जुन्या लॅपटॉपसारखी कार्डाची खाच), आणि इन्स्पेक्शनच्या पीसीत आयडीई (साटाच्या आधीची, रुंद पट्ट्याची) हार्ड डिस्क.

डायची (साच्याची) कॅम फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेला मशीनचा प्रोग्रॅम, साधारण २ एमबीची निघते. ती यातल्या प्रत्येकावर किती वेळात पोचायला पाहिजे? नवीन वेग जुन्या मापात बदलताना भागायचं कशाने? कुणी ८ सांगतं, कुणी १०. बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत असली मशीन बऱ्याच जणांकडे आहेत, म्हणून पक्के आकडे एका जागी जमवूया.

#२ · हिंडलगा_हार्डवेअर

अण्णा, ८ सांगणारा आणि १० सांगणारा दोघंही बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या तारांबद्दल बोलतायत.

सगळं आधी "सेकंदाला किती बाइट" या एकाच मापात आणा. जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो. एक बाइट पोचवायला त्या तारेवर किती बिट खर्च होतात ते बघा, तोच भाजक.

नेटची लाइन आणि यूएसबी २ पर्यंतचं सगळं ८ ने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे १२.५ एमबी, ४८० एमबीपीएस म्हणजे ६० एमबी. साटा आणि ५ जीबीपीएसचं यूएसबी यांना १० ने भागायचं, कारण तिथे प्रत्येक ८ बिटांच्या जागी तारेवर १० बिट जातात. म्हणून साटाचे १.५, ३ आणि ६ जीबीपीएस म्हणजे १५०, ३०० आणि ६०० एमबी. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्याही १० च्याच. तिसऱ्या पिढीपासून १२८ बिटांना १३० बिट लागतात, म्हणजे नुकसान नगण्य: ८ जीटी (तारेवर ८ अब्ज बिट) प्रति सेकंद म्हणजे एका लेनला (एका मार्गाला) ९८५ एमबी, चार लेनना ३९३८. सीरियल पोर्टला १०, कधी ११. ते पोर्टच्या सेटिंगवर ठरतं, उद्यमबागवाले सांगतीलच.

आता जुनी बाजू. पॅरलल आयडीई आणि स्कझी (डिस्कची आणखी एक जुनी जोडणी) यांचे आकडे मुळातच बाइटमध्ये दिलेले असतात, त्यांना कशानेच भागायचं नाही. बरेच जण इथेच गडबडतात आणि स्कझीच्या अल्ट्रा ३२० ला ८ ने भागून ४० करून बसतात.

आयडीईचे पीआयओ मोड (प्रोसेसर स्वतः डेटा हलवतो ते) ० ते ४ म्हणजे ३.३, ५.२, ८.३, ११.१ आणि १६.७ एमबी प्रति सेकंद. हे आकडे येतात कुठून तेही बघून ठेवा. मोड ४ मध्ये एका फेरीला १२० नॅनोसेकंद लागतात आणि दर फेरीत १६ बिट, म्हणजे २ बाइट जातात. २ भागिले १२० नॅनोसेकंद म्हणजे १६.७ एमबी. मोड ० ची फेरी ६०० नॅनोसेकंदांची, म्हणून ३.३. पुढे अल्ट्रा डीएमए, म्हणजे यूडीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा जातो ते): मोड २ ला ३३.३, मोड ४ ला ६६.७, मोड ५ ला १००, मोड ६ ला १३३.

स्कझी: पहिली ५, फास्ट १०, फास्ट वाइड २०, अल्ट्रा वाइड ४०, अल्ट्रा २ वाइड ८०, मग १६० आणि ३२०.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. १०० एमबीपीएसची लाइन, म्हणजे १२.५, पीआयओ ३ च्या वर आणि पीआयओ ४ च्या खाली बसते. ४० एमबीपीएस म्हणजे बरोबर पहिली स्कझी. ३०० एमबीपीएस म्हणजे ३७.५, अल्ट्रा वाइडला थोडी कमी आणि यूडीएमए ३३ ला जड. गिगाबिट म्हणजे १२५, यूडीएमए १३३ च्या जरा अलीकडे. ५ जीबीपीएसचा यूएसबी पोर्ट दीड अल्ट्रा ३२० एवढा. आणि तुमची एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची चार लेनची असेल तर साधारण बारा अल्ट्रा ३२०.

#३ · चिकोडी_नेट

हिंडलगा सर, एक दुरुस्ती जोडतो. लाइनचे १२.५ एमबी कधीच पूर्ण हाती येत नाहीत.

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइटचा ऐवज असतो, पण तारेवर तो १५३८ बाइटची जागा खातो: प्रिअँबल ८, हेडर १४, तपासणीचे ४ आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा १२. त्या १५०० मधले ४० बाइट आयपी आणि टीसीपीच्या हेडरला जातात. उरले १४६०. भागिले १५३८ म्हणजे ९४.९ टक्के. म्हणून १०० एमबीपीएसवर फाइल जास्तीत जास्त ११.८७ एमबीने पोचते.

त्यात विंडोज १०,४८,५७६ बाइटना एक एमबी म्हणतं, म्हणून पडद्यावर ११.३ दिसतं. ११.३ दिसत असेल तर लाइन पूर्ण क्षमतेने चाललेली आहे, राउटरच्या मागे लागू नका. ५ किंवा ६ दिसायला लागलं तर मात्र केबल, स्विच किंवा पलीकडची डिस्क बघायची.

जुन्या १० एमबीपीएसच्या कार्डाला हाच हिशोब लावा: १.१९ एमबी. गंमत म्हणजे यूएसबी १.१ चाही जवळजवळ हाच आकडा निघतो. १२ एमबीपीएसला ८ ने भागून दीड एमबी येतं, पण एका मिलिसेकंदात ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पाकिटं बसतात, म्हणजे १.२१६ एमबी. जुन्या इंडस्ट्रियल पीसीला नवा पेनड्राइव्ह लावून "का धावत नाही" विचारणाऱ्यांना हा आकडा दाखवा. २ एमबीची फाइल तिथे पावणेदोन सेकंदांत जाते, तिची काही अडचण नाही. पण पूर्ण डिस्कचा ४० जीबीचा बॅकअप त्याच वाटेने काढायचा म्हटलं तर नऊ तासांच्या वर जातात. तिथे डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावणंच शहाणपणाचं.

#४ · उद्यमबाग_मेंटेनन्स

सीरियलचं मी घेतो, कारण सगळ्यात जास्त जॉब तिथेच खराब होतात.

९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला स्टार्ट बिट १, डेटा ८, स्टॉप १, म्हणजे १० बिट. ९६० बाइट. पण आपल्याकडच्या बहुतेक कंट्रोलवर ७ डेटा, इव्हन पॅरिटीचा १ (चूक पकडायचा बिट) आणि २ स्टॉप असतात. स्टार्ट धरून ११ बिट झाले, म्हणजे ८७२ बाइट. ४८०० ला ठेवलेलं असेल तर ४३६.

तुमची २ एमबीची फाइल ९६० ने २०८३ सेकंद, म्हणजे ३५ मिनिटं. ८७२ ने ३८ मिनिटं. ४८०० वर सव्वा तासाच्या वर. लाइन १०० एमबीपीएसची असो की गिगाबिट, शेवटचे दोन मीटर या वेगानेच जाणार.

पण खरा प्रश्न फाइल किती वेळात पोचते हा नाहीच. एवढी फाइल मेमरीत मावत नाही, म्हणून ती डीएनसीने, म्हणजे पीसीवरून थेंबथेंब सोडत जॉब चालवायचा असतो. तिथे वेग कमी पडला की टूल मटेरियलमध्येच थांबतं. पुढचा ब्लॉक आला की परत निघतं. ऐकलं तर मशीन गुरगुरल्यासारखं अडखळत चालतं, आणि डायच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खुणा पडतात, नखाला लागतील अशा. टूल जिथे थांबलं तिथे कटिंगचा दाब सुटतो आणि टूल तिथेच घासत फिरत राहतं, त्याची ती खूण. पॉलिशवाला त्या काढत दिवस घालवतो आणि दोष टूलला दिला जातो.

हिशोब करून बघा. कॅमने अशी ओळ दिली:

एन१०२५० एक्स१२.३४५ वाय-६.७८९ झेड-३.२१०

मशीनकडे जाताना एन, एक्स, वाय, झेड हे एकेकच अक्षर. ओळ नंबर ६, तीन अक्षांचे ७ प्रमाणे २१, मधल्या मोकळ्या जागा ३, ओळीच्या शेवटी २. एकूण ३२ बाइट. ९६० भागिले ३२ म्हणजे सेकंदाला ३० ओळी. दोन बिंदूंमधलं अंतर ०.१ मिमी असेल तर सेकंदाला ३ मिमी, मिनिटाला १८० मिमी. प्रोग्रॅममध्ये फीड (टूलचा मिनिटाला मिमीतला वेग) १५०० लिहिलेला असो की ३०००, मशीन १८० नेच जाणार.

आता ओळ नंबर काढा, मोकळ्या जागा काढा, शेवटी एकच लाइन फीड ठेवा. २२ बाइट उरले. सेकंदाला ४३.६ ओळी, म्हणजे मिनिटाला २६२ मिमी. एक पैसा न घालता जवळपास दीडपट. पोस्ट-प्रोसेसरमध्ये (कॅमचा जो भाग मशीनच्या ओळी लिहितो त्यात) हे दोन-तीन टिकमार्कचं काम आहे.

त्यावर बॉड १९२०० केला तर ५२४, ३८४०० ला १०४७. आणि कॅममधला टॉलरन्स रफिंगला ०.०१ वरून ०.०५ केला की बिंदूच कमी होतात. जिथे चाप आहे तिथे बारीक रेषांच्या तुकड्यांऐवजी जी०२, जी०३ (चापाच्या आज्ञा) सोडा, पन्नास ओळींचं काम एका ओळीत होतं. बॉड वाढवण्याआधी हे करावं असं माझं ठाम मत आहे, कारण बॉड वाढवला की केबलचे दोष वर येतात.

#५ · मच्छे_डीएनसी

हे फारच कामाचं. फानुकवर बॉड नेमका कुठे बदलायचा? आणि यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावला की लहान फाइल जाते, मोठी फाइल मध्येच ०८७ अलार्म देऊन थांबते, ते कशामुळे?

#६ · उद्यमबाग_मेंटेनन्स

०आय, १६, १८, २१ मालिकेत चॅनल १ साठी पॅरामीटर ०१०३. तिथे १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. ०१०१ मध्ये स्टॉप बिट. ०१०३ ची आधीची किंमत कागदावर लिहून मगच बदला. पीसीकडेही तेच सेटिंग पाहिजे, पॅरिटीसकट. एका बाजूला ७-इव्हन-२ आणि दुसऱ्या बाजूला ८-नन-१ असेल तर ०८५ येतो. ०८६ म्हणजे पलीकडचा तयार असल्याचा सिग्नलच नाही: केबल, जंपर किंवा पीसीचा पोर्ट बंद.

०८७ म्हणजे बफर ओव्हरफ्लो. कंट्रोलचा बफर भरत आला की तो डीसी३ पाठवतो, म्हणजे "थांब". मोकळा झाला की डीसी१, म्हणजे "सोड". थांब म्हटल्यावर फक्त आणखी दहा अक्षरं घ्यायला कंट्रोल तयार असतो. पीसीच्या मदरबोर्डवरच्या जुन्या पोर्टला १६ बाइटचा बफर, तोही कमी करता यायचा. यूएसबी अडॅप्टरमध्ये शेकडो बाइट आधीच भरून ठेवलेले असतात, आणि "थांब" पीसीपर्यंत पोचेपर्यंत ते सगळे तारेवर ओतले जातात. लहान फाइल बफरमध्ये मावते म्हणून जाते, मोठी मरते. दोष वेगाचा नाही, थांबण्याचा आहे. म्हणून बॉड कमी केला तरी हा अलार्म जात नाही, फक्त उशिरा येतो.

उपाय: डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो कॉम पोर्ट, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. ट्रान्समिट बफर सगळ्यात खाली आणा, किंवा फायफोची (बफरची) टिक काढा. डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ (हेच डीसी१-डीसी३) ठेवा, "नन" नाही. तरी आलाच तर ज्या अडॅप्टरची चिप स्वतःच एक्सऑफ पाळते तो घ्या. नाहीतर मशीनजवळ सीरियल-इथरनेट डबा बसवा. तो "थांब" जागच्या जागी ऐकतो, आणि लांबची वाट नेटवर्कच्या केबलने होते.

#७ · खानापूरकर

फ्लॉपीचं कुणीच घेतलं नाही, म्हणून.

१.४४ च्या फ्लॉपीचा कच्चा वेग ५०० किलोबिट, म्हणजे ६२.५ केबी. पण त्यात सेक्टरांच्या मधल्या जागा, पत्ते, तपासणीचे बाइट सगळं आलं. उपयोगाचा डेटा मोजायचा तर: मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ०.२ सेकंद. एका ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे ९२१६. ०.२ ने भागून सेकंदाला ४६,०८० बाइट. बिटमध्ये ०.३७ एमबीपीएस. तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनीत अशा २७१ फ्लॉप्या एकदम वाचता येतील.

पूर्ण फ्लॉपी: १६० ट्रॅक गुणिले ०.२ म्हणजे ३२ सेकंद. हे आदर्श झालं. डोकं पुढच्या सिलिंडरवर सरकून स्थिर होईपर्यंत पहिला सेक्टर निघून जातो आणि एक फेरा वाया जातो. ८० फेरे वाया म्हणजे आणखी १६ सेकंद. ४८ ते ६० सेकंद लागत असतील तर ड्राइव्ह निरोगी आहे. दोन मिनिटांच्या वर गेलं तर तो परत परत वाचतोय: डोकं साफ करा, नाहीतर फ्लॉपी गेली.

आणि १.४४ एमबी हा आकडाच विचित्र आहे. १४४० गुणिले १०२४, धड दशमानात नाही की द्विमानात नाही. खरे १४,७४,५६० बाइट, फॉरमॅटनंतर हाती येतात १४,५७,६६४. तुमची २ एमबीची फाइल एका फ्लॉपीवर जाणारच नाही, तुकडे पाडावे लागतील.

गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह वाचणारा डबा) लावणाऱ्यांसाठी: पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा असला तरी मशीनचा कंट्रोलर ५०० किलोबिटच बोलतो. म्हणून वेग तेवढाच राहतो, फक्त वाचनातली चूक जाते, आणि तेच हवं असतं. ३४ पिनांच्या पट्ट्यात पीळ असेल तर जंपर एस१, पट्टा सरळ असेल तर बहुधा एस०. चालू करताच दिवा सतत पेटलेला राहिला तर पट्टा उलटा बसलाय. ७२० केबीचं जुनं मशीन असेल तर त्याचा कंट्रोलर २५० किलोबिटचा, त्याला १.४४ ची इमेज वाचता येत नाही. काही कंट्रोलना ३४ नंबरच्या पिनवर "रेडी" सिग्नल पाहिजे असतो, पीसीच्या ड्राइव्हमध्ये तिथे "डिस्क बदलली" हा सिग्नल असतो. सगळं बरोबर दिसूनही "ड्राइव्ह नॉट रेडी" येत असेल तर आधी हे तपासा. गोटेकच्या फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअरमध्ये इंटरफेस शुगार्टवर (३४ वर रेडी देणारी रचना) ठेवता येतो.

#८ · शहापूर_जकार्ड

विणकामाच्या मागाच्या बाजूने एक भर घालतो. वडगाव-शहापुरात जिथे इलेक्ट्रॉनिक जकार्ड फ्लॉपीवर चालतो तिथेही हाच हिशोब लागतो. जकार्ड म्हणजे हुकांनी उभे धागे वर-खाली करून नक्षी काढणारं यंत्र; २६८८ हुकांचा धरा. प्रत्येक हुकाला एक बिट, वर किंवा खाली. एका पिकाला (आडव्या धाग्याच्या एका फेरीला) ३३६ बाइट. फाइल दाबून लहान केलेली नसेल तर फ्लॉपीवर १४,५७,६६४ भागिले ३३६, म्हणजे ४३३८ पिकं मावतात. इंचाला ८० पिकं धरली तर ५४ इंच. पदराचं डिझाइन एका फ्लॉपीवर बसतं, पण पदर, बुट्टी आणि काठ सलग एकाच फाइलमध्ये काढले तर सांडतं. रिपीट होणारा भाग एकदाच ठेवून तो किती वेळा हे कंट्रोलरला सांगायचं.

वेगाचं उलट आहे. मिनिटाला १५० पिकं मारणाऱ्या मागाला सेकंदाला २.५ पिकं, म्हणजे ८४० बाइट पुरतात. ९६०० बॉडच्या तारेचे ९६० बाइट तेवढे देतात, पण जेमतेम. ७-इव्हन-२ वर ८७२ अक्षरं, तीही ७ च बिटांची, म्हणजे ७६३ बाइट, ते पुरतच नाहीत. एखादं अक्षर परत पाठवावं लागलं की माग थांबणार. १९२०० ठेवला की निवांत.

#९ · निपाणी_पीसी

इन्स्पेक्शन पीसीच्या आयडीईबद्दल विचारायचं होतं. जुनी डिस्क काढून तिथे सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड की साटा एसएसडी? कार्डवर १३३एक्स लिहिलंय, ते किती? आणि एसएसडी ५५० एमबीची असली तरी पोर्ट ३३ चा, मग पैसे वायाच ना?

#१० · हिंडलगा_हार्डवेअर

१एक्स म्हणजे सीडीचा मूळ वेग, १५० केबी. १३३एक्स म्हणजे सुमारे २० एमबी. पीआयओ ४ वर १६.७ च्या पुढे ते जाणारच नाही, म्हणून त्याहून महाग कार्ड तिथे नको.

सीएफ आणि आयडीई मुळात एकच भाषा बोलतात, अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा. पण स्वस्तातल्या बऱ्याच अडॅप्टरांवर डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. मग कार्ड कितीही चांगलं असो, पीआयओच. बोर्ड उलटा करून त्या दोन पिनांपासून ट्रेस निघालाय का बघायचं: ४० पिनांच्या कनेक्टरवर २१ आणि २९.

यूडीएमए ३३ च्या पुढे जायचं तर ८० तारांचा पट्टा पाहिजे, १८ इंचांपेक्षा लांब नको. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. ४० तारांच्या पट्ट्यावर ६६ किंवा १०० जबरदस्तीने चालवलं की सीआरसी (तपासणीच्या आकड्याच्या) चुका येतात, आणि विंडोज एक्सपी सहा चुका मोजून झाल्या की एकेक मोड खाली उतरत शेवटी पीआयओवर येऊन बसतं. मग पट्टा बदलला तरी वेग परत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून रीबूट करायचं, तेव्हा तो नव्याने डीएमए ठरवतो. "डिस्क अचानक मंद झाली आणि प्रोसेसर शंभर टक्के" अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हेच बघा.

एसएसडी वाया जाते का? नाही, आणि इथे नुसते एमबी मोजून फसू नका. जुनी डिस्क एक जागा शोधायला साधारण १२ मिलिसेकंद घेते. सेकंदाला ८३ वेळा, दर वेळी ४०९६ बाइट, म्हणजे ३४० केबी. विंडोज उघडताना, प्रोग्रॅम चालू होताना बहुतेक काम असंच विखुरलेलं असतं. एसएसडीला शोधायला ०.१ मिलिसेकंद. पीआयओ ४ च्या अरुंद वाटेने ते ४०९६ बाइट जायला ०.२५ लागले तरी मिळून ०.३५. सेकंदाला २८०० च्या वर वेळा, म्हणजे साडेअकरा एमबी. त्याच पोर्टवर तीसपट फरक. सलग मोठी फाइल कॉपी करताना मात्र फरक थोडाच दिसेल, आणि त्यावरूनच लोक "काही उपयोग झाला नाही" म्हणतात.

#११ · चिकोडी_नेट

सरांच्या बोलण्याला धरूनच, पण थोडं वेगळं मत. तो पीसी फक्त मापं नोंदवत असेल आणि दिवसातून एकदाच चालू होत असेल तर २ किंवा ४ जीबीचं इंडस्ट्रियल सीएफ पुरे. साटा-आयडीई ब्रिज म्हणजे मध्ये आणखी एक चिप आली, तिचा मास्टर-स्लेव्ह जंपर आला, जुन्या बायोसने १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखायची कटकट आली. २८ बिटांच्या पत्त्यात त्यापुढे मोजताच येत नाही. मशीनला जोडलेल्या पीसीत वेगापेक्षा सुटे भाग कमी असणं मला महत्त्वाचं वाटतं.

#१२ · मच्छे_डीएनसी

पटतंय. आता उरला पीसीएमसीआयएचा कंट्रोल. त्याच्या मेमरीबद्दल मॅन्युअलमध्ये "६४० मीटर" लिहिलंय. हे कसलं माप?

#१३ · उद्यमबाग_मेंटेनन्स

कागदी पट्टीचं. पंच टेपवर इंचाला १० अक्षरं, म्हणजे मीटरमागे सुमारे ४००. ६४० मीटर म्हणजे २५६ केबी, ३२० म्हणजे १२८, ८० म्हणजे ३२. तुमची २ एमबीची फाइल त्या मापात पाच किलोमीटर पट्टी होते, ती मेमरीत मावायचा प्रश्नच नाही.

त्या कंट्रोलवर सीरियलच्या नादी लागू नका. सीएफ कार्ड पीसीएमसीआयए अडॅप्टरमध्ये घाला, फॅट१६ मध्ये फॉरमॅट करा, २ जीबीच्या आतलं घ्या. पॅरामीटर ००२० ला ४ करा, आणि ०१३८ चा ७ वा बिट १ केला की कार्डवरूनच डीएनसी चालतं. सीरियलच्या ९६० बाइटची अट संपली. आता अडलं तर कंट्रोल स्वतः ओळी किती वेगाने वाचतो यावर अडेल, आणि तो वेग कार्ड बदलून वाढत नाही. कार्ड मात्र मशीन चालू असताना ओढून काढायचं नाही. पिना नाजूक असतात, एकदा वाकल्या की स्लॉट गेला.

जिथे सीरियलच ठेवायचं आहे तिथे केबल स्वतः बनवा. पीसीचं ९ पिनांचं टोक, मशीनचं २५ पिनांचं. २ ला २, ३ ला ३, ५ ला ७. क्रॉस करायचं नाही: ९ पिनांत २ वर रिसीव्ह असतं, २५ पिनांत २ वर ट्रान्समिट, म्हणजे ती अदलाबदल नंबरातच झालेली आहे. "नल मोडेम म्हणजे उलटं" म्हणून परत उलटी केली की काहीच जात नाही. पीसीकडे ७-८ एकत्र आणि १-४-६ एकत्र, मशीनकडे ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र. आणि फानुकच्या त्या २५ पिनांच्या सॉकेटवर २५ नंबरच्या पिनला २४ व्होल्ट असतात. बाजारातली पूर्ण २५ तारांची केबल लावली की ते २४ व्होल्ट पलीकडे जातात. म्हणून फक्त लागतात तेवढ्याच तारा ओढा.

#१४ · खानापूरकर

लांबीचंही सांगून ठेवतो. आरएस-२३२ ची मर्यादा मुळात मीटरमध्ये नाही, तारेच्या कपॅसिटन्समध्ये आहे: २५०० पिकोफॅरड. साध्या केबलला मीटरमागे १५० धरले तर १६ मीटर. चांगली शील्डेड, मीटरमागे १०० ची घेतली तर २५. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं आणि शेजारी इंडक्शन भट्टी किंवा वेल्डिंग असेल तर दोन अर्थमधला फरक त्या शील्डमधूनच वाहायला लागतो, आणि पॅरिटीच्या चुका नेमक्या भट्टी चालू असतानाच येतात. वळवाच्या दिवसांत काम संपलं की सीरियल केबल दोन्हीकडून काढून ठेवा. शेडभर पसरलेली लांब केबल असेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर घाला.

#१५ · मच्छे_डीएनसी

सगळ्यांचे आभार. एकच शेवटचं: बॉड १९२०० केल्यावर फाइल शंभर टक्के बरोबर गेली हे ओळखायचं कसं? इव्हन पॅरिटी आहे म्हणजे चूक पकडली जातेच ना?

#१६ · उद्यमबाग_मेंटेनन्स

एकच बिट उलटला तर पकडली जाते. एका अक्षरात दोन बिट उलटले तर पॅरिटी परत सम होते आणि चूक निसटते. एक्स१२ चं एक्स११ होणं म्हणजे नेमके दोन बिटच. म्हणून बॉड वाढवल्यावर मेमरीत मावेल असा शंभर-दोनशे केबीचा प्रोग्रॅम आधी पाठवा, मशीनमधून पंच करून (बाहेर पाठवून) पीसीवर परत ओढा, आणि दोन्ही फाइल डॉसच्या एफसी कमांडने ताडून बघा. भट्टी चालू असताना तीन वेळा करा. ओळीच्या शेवटचा फरक किंवा सुरुवातीच्या टक्क्याच्या चिन्हाजवळचा फरक दिसला तर काळजी नाही, तो कंट्रोलच्या सवयीचा आहे. एकही अंक बदललेला दिसला तर ९६०० वर परत या आणि केबल नवी घाला.